लहान ट्रॅक्टरची संरक्षक चौकट : तिच्यात फेरफार का करू नये

बैलाच्या औताने शेती करणाऱ्यास औत उलटण्याचे फारसे भय नसे. औत आडवे झाले तर बैल थांबत, जू सुटे आणि काम थोडा वेळ खोळंबे, एवढेच. ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. तो उलटला म्हणजे हजार किलो वजनाचे लोखंड माणसावर येते, आणि ते इतक्या थोड्या अवधीत घडते की उडी मारून सुटावे म्हटले तरी सवड मिळत नाही. या संकटातून चालकाचा जीव वाचविण्यासाठी आसनाच्या मागे किंवा पुढे जी पोलादी कमान बसविलेली असते, तिला संरक्षक चौकट असे म्हणतात. ट्रॅक्टर विकणारे तिला 'रोप्स' किंवा 'रोल बार' या नावाने ओळखतात.

पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे अरुंद ट्रॅक्टर द्राक्षे, डाळिंब व संत्रा यांच्या बागांतून हल्ली सर्रास वापरात आले आहेत. बागेच्या ओळींतून जाताना चौकट तारांना किंवा फांद्यांना अडते. मग कोणी ती कापून ठेंगणी करून घेतो, कोणी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात नेऊन तिला बिजागरी लावून घेतो, तर कोणी ती मुळीच काढून गोठ्यात टाकतो. यात शेतकऱ्याचा हेतू कामाची सोय व्हावी एवढाच असतो. परंतु या फेरफारामुळे चौकटीचे काय होते हे ठाऊक नसल्याने, जिवाच्या रक्षणाचे साधन निकामी होऊनही ते शाबूत आहे अशी समजूत राहते. यास्तव या विषयाची माहिती गावोगावच्या कार्यकर्त्यांना व शेतकऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

ट्रॅक्टर बाजूस कसा उलटतो

कोणत्याही वाहनाचा भार ज्या एका बिंदूत एकवटला आहे असे मानता येते, त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा चाकांच्या आधाराच्या आत पडतो तोवर वाहन उभे राहते. तो बाहेर पडला की वाहन कलंडते. लहान ट्रॅक्टर अरुंद असतो, पण त्या मानाने त्याची उंची कमी नसते. म्हणून त्याचा ओळंबा लवकर बाहेर पडतो.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर झुलता ठेवलेला असतो. त्यामुळे खाचखळग्यांतून चारही चाके जमिनीला टेकून राहतात. परंतु कलंडू लागलेल्या ट्रॅक्टरला पुढच्या चाकांचा आधार सुरुवातीस मिळत नाही. ट्रॅक्टरचा खरा आधार चार कोनांचा नसून तीन कोनांचा असतो. दोन कोन मागील चाकांशी आणि तिसरा पुढच्या आसाच्या मध्यावरील खिळीशी.

उदाहरणादाखल मापे धरून हिशेब करू. मागील दोन चाकांच्या मध्यांतील अंतर ९५ सेंटिमीटर, पुढच्या व मागच्या आसांतील अंतर १४० सेंटिमीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच व मागील आसाच्या ५० सेंटिमीटर पुढे आहे असे समजा. चौकोनी आधार धरला तर असा ट्रॅक्टर सुमारे ३६ अंशांच्या कलास उलटेल. परंतु आधार त्रिकोणी असल्यामुळे तो सुमारे २५ अंशांच्या कलासच उलटू लागतो. आता एक मागील चाक ३० सेंटिमीटर उंचीच्या बांधावर चढले, तर ट्रॅक्टर सुमारे १८ अंश कलतो. त्याच वेळी दुसरे चाक १५ सेंटिमीटर खोल चरात उतरले, तर कल २८ अंशांवर जातो आणि ट्रॅक्टर उलटतो. बांध आणि पाण्याचा चर यांची अशी जोडी कोणत्या शिवारात नाही?

वेग हे दुसरे कारण होय. वळताना ट्रॅक्टरला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर हा जोर चौपट होतो. वर सांगितलेला ट्रॅक्टर तीन मीटर त्रिज्येच्या आखूड वळणावर ताशी सुमारे तेरा किलोमीटर वेगाने नेला, तर तो सपाट जमिनीवरदेखील कलंडू शकतो. उतारावर याहून पुष्कळ कमी वेग पुरतो. शिवाय मागे फवारणी यंत्राची टाकी अर्धवट भरलेली असेल, तर वळताना आतील पाणी एका अंगास धावते व कल वाढविते.

ट्रॅक्टर मागे कसा उलटतो

मागील चाके चिखलात रुतली किंवा अडकली आणि चालकाने क्लच एकदम सोडला, तर एंजिनाचा जोर चाके फिरविण्याऐवजी ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलतो. रुतलेल्या चाकाला ओंडका बांधून ट्रॅक्टर बाहेर काढण्याची रीत काही ठिकाणी आढळते. ती अतिशय घातक आहे. ओंडक्यामुळे चाक फिरू शकत नाही, आणि चाकाभोवती ट्रॅक्टरच फिरतो. तसेच ओढण्याचा भार मागील आसाच्या पातळीहून वर बांधला, तर तो भार ट्रॅक्टरला मागे खेचून पाडतो. म्हणून ओढकाम नेहमी खालच्या ओढदांड्यावरूनच करावे, असे प्रत्येक निर्माता सांगत असतो.

मागे उलटण्याची क्रिया बाजूस उलटण्यापेक्षाही झटपट होते. तोंड उचलू लागल्यापासून ट्रॅक्टर परत खाली येऊ शकणार नाही अशा टप्प्यापर्यंत पोहोचण्यास एक सेकंदही लागत नाही. माणसाला धोका उमगून पाय क्लचकडे जाईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते. "मी जुना ड्रायव्हर आहे, वेळीच सावरीन," असे म्हणणाऱ्याने हा हिशेब मनाशी करून पाहावा.

चौकट काम कशी करते

संरक्षक चौकट ट्रॅक्टरला उलटण्यापासून थांबवीत नाही. ट्रॅक्टर उलटल्यानंतर चालकाच्या भोवती जिवंत राहण्यापुरती जागा राखून ठेवणे हे तिचे काम. ती पुरेशी उंच असली, तर आडवा पडलेला ट्रॅक्टर बहुधा तेथेच अडतो व पुढे पलट्या खात नाही, हाही तिचा मोठा उपयोग आहे.

हे काम ती कशी करते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण फेरफार करणाऱ्यांची चूक नेमकी येथेच होते. चौकट जितकी कडक तितकी चांगली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. पडणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये जी शक्ती असते, ती कोठेतरी जिरली पाहिजे. चांगली चौकट ठराविक मर्यादेपर्यंत वाकते आणि वाकता वाकता ती शक्ती स्वतःत जिरविते. मात्र चालकाच्या जागेत शिरत नाही आणि तुटतही नाही. फार लवचीक चौकट चालकावर दबते. फार ताठ चौकट धक्का स्वतः न घेता तो बोल्टांवर व मागील आसाच्या बिडाच्या आवरणावर टाकते. मग बोल्ट तरी कातरले जातात किंवा बीड तरी फुटते, आणि चौकट समूळ उखडते. या दोहोंमधील नेमका समतोल साधणे हे कसोटी घेऊनच ठरविता येते. डोळ्यांनी पाहून किंवा हाताने हलवून ते कळत नाही.

चौकटीची कसोटी

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ट्रॅक्टरच्या कसोट्यांचे नियम घालून दिले असून त्या योजनेत भारतही सहभागी आहे. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था आपल्याकडे ट्रॅक्टर व इतर कृषियंत्रांची परीक्षा घेते. नेहमीच्या ट्रॅक्टरच्या चौकटीसाठी ओईसीडीचा चौथा नियम वापरतात. अरुंद ट्रॅक्टरांसाठी, चौकट आसनाच्या पुढे असल्यास सहावा व मागे असल्यास सातवा, असे वेगळे नियम आहेत.

चौथ्या नियमाप्रमाणे चौकटीवर प्रथम लांबीच्या दिशेने दाब देतात आणि ट्रॅक्टरच्या दर किलो वजनामागे १.४ ज्यूल शक्ती तिने जिरविली पाहिजे असे पाहतात. नंतर बाजूने दाब देऊन दर किलोमागे १.७५ ज्यूल शक्ती जिरवावी लागते. वरून चिरडण्याची कसोटी वेगळी असते. तीत दर किलोमागे २० न्यूटन, म्हणजे ट्रॅक्टरच्या वजनाच्या सुमारे दुप्पट भार चौकटीने पेलला पाहिजे. या साऱ्या कसोट्या एकाच चौकटीवर, मध्ये कोणतीही दुरुस्ती न करता, एकामागून एक घेतात. आणि त्यांत चालकासाठी राखलेल्या जागेला चौकटीचा कोणताही भाग शिवता कामा नये.

ट्रॅक्टर १,००० किलोचा असेल, तर बाजूच्या कसोटीत १,७५० ज्यूल शक्ती जिरवावी लागते. शंभर किलोचे पोते सुमारे पावणेदोन मीटर उंचीवरून पडताना जेवढा आघात करते, तेवढी ही शक्ती होय. त्याखेरीज वरून सुमारे दोन टनांचा भार. गावातील वेल्डिंगच्या दुकानात तयार केलेली किंवा बदललेली चौकट एवढे सोशील की नाही, हे सांगण्याचे साधन त्या कारागिराजवळ नसते. त्याचे हात कितीही कसबी असले तरी या बाबतीत तो अंदाजच करीत असतो.

छत म्हणजे चौकट नव्हे

पुष्कळ ट्रॅक्टरांवर ऊन-पावसासाठी पातळ नळ्यांचे छत बसविलेले असते. लोक त्यालाच संरक्षण समजतात. हा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. छत बहुधा मडगार्डच्या पत्र्याला जोडलेले असते. ट्रॅक्टर उलटताच ते पत्र्यासकट चेपते आणि उलट चालकाला आत अडकवून ठेवते. खरी चौकट मागील आसाच्या आवरणाला किंवा ट्रॅक्टरच्या मुख्य सांगाड्याला मोठ्या बोल्टांनी जोडलेली असते. तिच्यावर निर्मात्याची पट्टी असते. पट्टीवर चौकट कोणत्या ट्रॅक्टरसाठी आहे व ती कोणत्या कसोटीस उतरली आहे, हे नमूद असते. अशी पट्टी नसेल, तर निर्मात्याकडून खात्री होईपर्यंत ती संरक्षक चौकट आहे असे मानू नये.

घातक फेरफार

१. उंची कमी करणे. उलटा पडलेला ट्रॅक्टर एकीकडे चौकटीच्या माथ्यावर व दुसरीकडे बॉनेटच्या भक्कम भागावर टेकतो. या दोन टोकांना जोडणारी रेषा मनात काढली, तर चालकाचे डोके तिच्या आत राहिले पाहिजे. आसन चौकटीच्या ४० सेंटिमीटर पुढे आणि बॉनेटचा टेकणारा भाग १६० सेंटिमीटर पुढे आहे असे समजा. चौकट ३० सेंटिमीटर कापली, तर ही रेषा चालकाच्या डोक्याजवळ सुमारे २२ सेंटिमीटर खाली येते. डोक्यावर राखलेली जागा एवढ्यात संपून जाते. चौकट तशीच भक्कम दिसते. पण ती आता माणसाला वाचविण्याच्या उंचीची राहिलेली नसते.

२. दुकानात बिजागरी लावणे. कारखान्यातून येणाऱ्या घडीच्या चौकटीची कसोटी बिजागरीसह घेतलेली असते. तिच्या पिना, कान व नळीची जाडी यांचा हिशेब एकत्र केलेला असतो. अखंड चौकट मध्येच कापून तिला बिजागरी लावली, तर ज्या ठिकाणी ताण फार पडतो नेमके तेथेच दुबळे ठिकाण तयार होते.

३. वेल्डिंग व छिद्रे. दिवे, पाण्याची बाटली, आरसा, कर्णे किंवा छत्री अडकविण्यासाठी चौकटीला छिद्र पाडतात किंवा पट्टी सांधतात. छिद्राच्या कडेशी ताण एकवटतो व चीर तेथूनच सुरू होते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या लगतच्या पोलादाचा गुण बदलतो. ते ठिसूळ तरी होते किंवा मऊ तरी पडते. जी चौकट वाकायला हवी ती मग मोडते. असे साहित्य लावणेच असेल, तर ते आवळपट्टीने बांधावे आणि तेही चौकटीवर भार न टाकणारे असावे.

४. जाड नळी भरणे. "पातळ वाटते म्हणून आत सळई घातली," असे सांगणारे भेटतात. वर म्हटल्याप्रमाणे त्यामुळे चौकट ताठ होते व धक्का बोल्टांकडे आणि बिडाकडे जातो.

५. बोल्ट व पिना बदलणे. चौकटीचे बोल्ट उच्च प्रतीच्या पोलादाचे असतात. त्यांच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले आढळतात. हरवलेल्या बोल्टाच्या जागी दुकानातला साधा बोल्ट घालणे, किंवा घडीच्या पिनेच्या जागी खिळा वा सळईचा तुकडा ठोकणे, म्हणजे सबंध चौकटीचे बळ त्या एका तुकड्यावर सोपविणे होय.

६. चौकटीला साखळी बांधून ओढणे. हा फेरफार नव्हे, पण फेरफाराहून वाईट आहे. चौकट मागील आसाच्या बरीच वर असते. तिला बांधलेला भार ट्रॅक्टरला हमखास मागे पाडू पाहतो. ज्या वस्तूने जीव वाचवायचा तीच अपघाताला कारण होते.

७. दुसऱ्या ट्रॅक्टरची चौकट बसविणे. चौकट विशिष्ट ट्रॅक्टरच्या वजनासाठी व जोडणीसाठी केलेली असते. हलक्या ट्रॅक्टरची चौकट जड ट्रॅक्टरवर बसविली, तर ती कमी पडते. जोडणीची छिद्रे जुळत नाहीत म्हणून मध्ये पट्ट्या सांधाव्या लागतात, त्यामुळे दोष आणखी वाढतो.

८. वाकलेली चौकट सरळ करणे. एकदा उलटलेल्या ट्रॅक्टरच्या चौकटीने आपली शक्ती खर्च केलेली असते. तापवून व ठोकून ती सरळ केली तरी तिचे मूळ बळ परत येत नाही. ती बदलून नवीच घ्यावी. सोबत बोल्टही नवे घ्यावेत.

कायद्याच्या दृष्टीनेही सावध असावे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील व निर्मात्याने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकाने करू नये, असा निर्बंध आहे. ट्रॅक्टर हे नोंदणीचे वाहन आहे, याचा विसर पडू नये.

बागेतील अडचण कशी सोडवावी

तारांखालून जायचे असते, ही बागाइतदाराची अडचण खरी आहे. तिचा विचार न करता नुसते "चौकट काढू नका" असे सांगण्याने काही साधत नाही. पुढील उपाय क्रमाने विचारात घ्यावेत.

पहिला उपाय खरेदीच्या वेळचा. बागेसाठी ट्रॅक्टर घेताना मांडवाची किंवा वाय पद्धतीच्या तारांची सर्वांत कमी उंची आणि ओळींतील अंतर मोजून न्यावे, आणि त्या मापात बसणारा, कारखान्याची घडीची चौकट असलेला ट्रॅक्टर मागावा. युरोपातील द्राक्षमळ्यांतून आसनाच्या पुढे बसविलेली घडीची चौकट असलेले अरुंद ट्रॅक्टर वापरात आहेत.

दुसरा उपाय निर्मात्याकडे मागणी करण्याचा. जवळच्या ट्रॅक्टरला अखंड चौकट असेल, तर त्याच मॉडेलसाठी निर्मात्याने घडीची चौकट केली आहे काय, याची विक्रेत्याकडे लेखी चौकशी करावी. असल्यास ती पूर्ण संच म्हणून घ्यावी. अर्धी जुनी व अर्धी नवी जोडू नये.

तिसरा उपाय बागेच्या बाजूचा. लोंबकळणाऱ्या तारा ताणून घेणे, वाटेवर आलेल्या फांद्या छाटणे, ओळींच्या टोकाशी वळण्यासाठी ऐसपैस जागा सोडणे आणि त्या जागेतील चर बुजविणे, ही कामे एकदा केली की वर्षभर उपयोगी पडतात. वळण्याची जागा अरुंद व उंचसखल असणे हेच पुष्कळदा उलटण्याचे मूळ असते.

चौकट खाली पाडल्यावर

घडीची चौकट खाली पाडलेली असताना ट्रॅक्टरला संरक्षण नाही, असेच समजून वागावे. खालच्या गिअरात सावकाश चालावे. बांध ओलांडू नये, उतारावर जाऊ नये. ओळ संपून मोकळ्यावर येताच प्रथम चौकट उभी करावी, दोन्ही पिना पूर्ण बसवून त्यांच्या क्लिपा लावाव्यात, मगच रस्त्याला लागावे. चौकट एकदा पाडली की हंगाम संपेपर्यंत तशीच ठेवण्याची सवय लागते. घडीच्या चौकटीचा खरा धोका तिच्या बिजागरीपेक्षा या सवयीत अधिक आहे. अमेरिकेतील 'नायोश' या सरकारी संशोधन संस्थेने ही अडचण ओळखून, ट्रॅक्टर उलटू लागताच आपोआप वर येणारी चौकट तयार करण्याचे प्रयोग केले. ज्या सवयीवर तेथील संशोधकांना यंत्राचा उतारा शोधावा लागला, तिला आपण हलकी समजू नये.

आसनाचा पट्टा केव्हा बांधावा

चौकट चालकासाठी जागा राखते आणि पट्टा चालकाला त्या जागेत ठेवतो. पट्टा नसेल तर चालक बाहेर फेकला जातो आणि चौकट किंवा मडगार्ड त्याच्यावरच पडू शकते. म्हणून चौकट उभी असताना पट्टा अवश्य बांधावा व तो अंगाला लागून घट्ट असावा. चौकट नसेल किंवा खाली पाडलेली असेल, तर पट्टा बांधू नये. कारण तेव्हा पट्टा माणसाला उलटणाऱ्या ट्रॅक्टरखाली धरून ठेवतो. ही दोन वाक्ये प्रत्येक चालकाने पाठ करावीत. राखलेली जागा एकाच माणसाची असते. मडगार्डवर बसलेल्या मुलाला किंवा मजुराला चौकट वाचवू शकत नाही. यास्तव ट्रॅक्टरवर दुसरे कोणी बसवू नये.

जुन्या ट्रॅक्टरला चौकट बसविणे

पूर्वीच्या पुष्कळ ट्रॅक्टरांना चौकट नाही. त्यांना ती बसविणे हा मात्र इष्ट बदल आहे. अट एवढीच की चौकट त्या मॉडेलसाठी कसोटी घेतलेली असावी आणि ती बसविण्यास मागील आसाचे आवरण समर्थ आहे याची निर्मात्याकडून खात्री करून घ्यावी. इतर देशांचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर चौकट किंवा संरक्षक केबिन सक्तीची केली व पुढे जुन्या ट्रॅक्टरांकडेही लक्ष दिले. ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू त्या देशात हळूहळू अगदी थोड्यावर आले. अमेरिकेत १९८५ पासून निर्मात्यांनी वीस अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना स्वेच्छेने चौकट देण्यास आरंभ केला, आणि न्यूयॉर्क राज्यात २००६ पासून जुन्या ट्रॅक्टरांवर चौकट बसविणाऱ्यांना खर्चाचा काही भाग परत मिळू लागला. 'नायोश'ने काही ठराविक जुन्या मॉडेलांसाठी बोल्टने जोडता येणारी, कमी खर्चाची चौकट तयार करून तिची कसोटीही घेतली. स्वस्त चौकट होऊ शकते, हे यावरून दिसते. मात्र ती आधी परीक्षेत उतरली पाहिजे, आणि नंतर तिच्या आराखड्यात सुताइतकाही बदल होता कामा नये.

हंगामापूर्वीची तपासणी

पावसाळ्यापूर्वी व छाटणीच्या हंगामापूर्वी असे वर्षातून निदान दोन वेळा पुढीलप्रमाणे तपासावे. चौकटीच्या तळाशी, बोल्टांच्या भोवती व जोडांवर चीर किंवा गंज आहे काय हे रंग घासून पाहावे; फवारणीच्या औषधांमुळे गंज लवकर चढतो. नळीच्या तळाशी पाणी साचते काय ते पाहावे. बोल्ट माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाने, मोजून आवळणाऱ्या पान्याने आवळून घ्यावेत. घडीच्या पिना सैल खेळतात काय, क्लिपा जागेवर आहेत काय, पट्ट्याचे कापड उसवले काय व त्याचे कुलूप बसते काय, हे पाहावे. चीर आढळल्यास ती सांधून घेऊ नये, चौकट बदलावी.

काही शंका व त्यांचे समाधान

शंका : आमची जमीन सपाट आहे. मग चौकटीची गरज काय?
समाधान : बांध, चर, विहिरीचा काठ व रस्त्याची कड ही सपाट शिवारातही असतातच. आखूड वळण व जादा वेग यांना तर उताराचीही गरज लागत नाही.

शंका : उलटताना उडी मारली तर?
समाधान : बाजूस उलटणारा ट्रॅक्टर बहुधा ज्या अंगास माणूस उडी मारतो त्याच अंगास पडतो. चौकट उभी व पट्टा बांधलेला असेल, तर सुकाणूचक्र घट्ट धरून बसून राहणे हेच हिताचे.

शंका : चौकट आधीच कापली आहे. ती पुन्हा सांधून पूर्ववत करता येईल का?
समाधान : नाही. दिसण्यात ती पूर्ववत होईल, बळात होणार नाही. त्या मॉडेलची नवी चौकट मागवावी. ती येईपर्यंत ट्रॅक्टर उतारावर व बांधालगत वापरू नये आणि पट्टा बांधू नये.

शंका : चाके लांबवून बसविणे किंवा वजने लावणे हाही फेरफारच ना?
समाधान : निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत चाकांतील अंतर वाढविणे व पुढे वजने लावणे यांनी ट्रॅक्टर अधिक स्थिर होतो. मात्र एकूण वजन चौकटीच्या पट्टीवरील मर्यादेपलीकडे जाऊ देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्याने आपल्या गावांतील लहान ट्रॅक्टरांची एक यादी करावी. प्रत्येकापुढे चौकट आहे की केवळ छत आहे, पट्टी आहे की नाही, फेरफार झाला आहे काय व आसनाचा पट्टा चालू स्थितीत आहे काय, एवढ्या चारच गोष्टी लिहाव्यात. कोणावर दोष ठेवण्यासाठी ही यादी नाही; कोणाशी काय बोलायचे हे कळण्यासाठी आहे. गावातील वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांची भेट मुद्दाम घ्यावी. चौकट कापण्याचे किंवा सांधण्याचे काम आले असता ते नाकारावे आणि ग्राहकाला कारण समजावून सांगावे, अशी त्यांना विनंती करावी. पुष्कळदा शेतकरी कार्यकर्त्यापेक्षा कारागिराचे ऐकतो. बैठकीत व्याख्यानाऐवजी उभ्या ट्रॅक्टरजवळ जाऊन, चौकटीच्या माथ्यापासून बॉनेटपर्यंत दोरी ताणून दाखवावी, आणि चालकाला आसनावर बसवून त्याचे डोके दोरीच्या आत येते की बाहेर, हे सर्वांना पाहू द्यावे. चौकट कापली असेल तर दोरी आपोआप सांगते.

सारांश

चौकट कापू नये, सांधू नये, छेदू नये, ताठ करू नये. छताला चौकट समजू नये. चौकटीला भार बांधू नये. घडीची चौकट ओळीबाहेर येताच उभी करावी. उभ्या चौकटीत पट्टा बांधावा, पाडलेल्या चौकटीत बांधू नये. वाकलेली किंवा चिरलेली चौकट बदलावी. बागेत अडचण येत असेल, तर ट्रॅक्टरच्या निवडीत, निर्मात्याकडील घडीच्या चौकटीत किंवा तारांच्या उंचीत तिचा उपाय शोधावा. एका हंगामाच्या सोयीसाठी घरच्या कर्त्या माणसाचा जीव धोक्यात घालणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.